पाच महिने सरकार नसलेला देश आणि त्याचा मी राजा

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
११ मार्च १९८८

श्री. पुरुषोत्तमराव यांस,

साष्टांग नमस्कार घालायला तुम्ही माझ्याहून तीन वर्षांनी लहान, आणि नुसता आशीर्वाद द्यायला तुम्ही आता कचेरीत माझ्याच खुर्चीत बसलेले, त्यामुळे साडू या नात्याने सप्रेम नमस्कारच पाठवतो. सौ. लताताईंचा गुडघा आता कसा आहे? सुमित्रा रोज बहिणीची आठवण काढते आणि ओव्याच्या शेकाचा उपाय सांगते (तो मी कळवला असं समजा). माझी प्रकृती ठीक आहे. रक्तदाब थोडा वाढला आहे, पण त्याला इथला बर्फ किंवा चीज कारण नाही. बेल्जियम हा देश कारण आहे. खुलासा खाली करतो. बसून वाचा.

आपली नात दीपा (चि. विक्रमची थोरली, आठवीत आहे, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत देते) हिच्या वर्गात प्रत्येक मुलाने चिठ्ठी उचलून एकेका देशाचा कारभार कसा चालतो ते समजावून सांगायचं, असा उपक्रम निघाला. दीपाला बेल्जियम आला. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "आजोबा, यू वर इन गव्हर्नमेंट, राइट?" चौतीस वर्षं सरकारात काढली, पण हा प्रश्न इतक्या आदराने मला कोणी विचारला नव्हता. मी लगेच विक्रमच्या कपाटातून पुठ्ठ्याची फाइल काढली, तिला लाल नाडी मिळेना म्हणून सुमित्राची रिबीन बांधली, आणि ग्रंथालयात जाऊन बसलो.

पुरुषोत्तमराव, तिसऱ्या पानावर मी चष्मा काढून पुसला. आपल्या विदर्भाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा देश, वस्ती एक कोटीलाही पोचत नाही, आणि भाषा तीन. उत्तरेकडे डच, दक्षिणेकडे फ्रेंच आणि पूर्वेच्या कोपऱ्यात थोडे जर्मन. वर एक राजा. राजा म्हटल्यावर मला बरं वाटलं, कुठेतरी शेवटची सही असणार. तर नाही! राजाने सही केली तरी तिच्याखाली मंत्र्याची सही असल्याखेरीज तिची किंमत शून्य. जबाबदारी सगळी मंत्र्याची. राजाचा दोष कधी नसतोच, कारण राजाने स्वतःहून काही करायचंच नसतं. (आपल्याकडे कारकुनाच्या टिपणाखाली साहेबाची सही लागते. तिथे साहेबाच्या सहीखाली कारकुनाची लागते म्हणा.) पुढे राज्यघटनाच सांगते की पंतप्रधान सोडून मंत्रिमंडळात जितके डच बोलणारे तितकेच फ्रेंच बोलणारे मंत्री हवेत. पंतप्रधान मोजायचा नाही. आणि मंत्रिमंडळात हात वर करून मतं घेत नाहीत. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं, नाहीतर उठून घरी जायचं. शिवाय प्रांतांची आणि भाषांची वेगळाली सरकारं आहेत ती निराळीच. ती मोजताना मी दोनदा चुकलो आणि दीपाने दुरुस्त केलं.

पण खरा धक्का पुढे होता. गेल्या ऑक्टोबरात त्यांचं सरकार पडलं. कशावरून? एका खेड्याच्या नगराध्यक्षाने डच भाषेची परीक्षा द्यायला नकार दिला यावरून! गाव कागदोपत्री डच मुलखात, लोक बरेचसे फ्रेंच बोलणारे. डिसेंबरात निवडणूक झाली. आज मार्च उजाडला तरी नवं सरकार नाही. राजा आधी एका माणसाला सगळ्यांची चाचपणी करायला पाठवतो, मग दुसऱ्याला जुळवाजुळव करायला (अगदी आपल्या स्थळं सुचवणाऱ्या मंडळींसारखं), आणि तोपर्यंत जुनेच मंत्री रोजची कामं उरकतात. आगगाड्या धावतात, टपाल पोचतं, शाळा भरतात. मी दोन रात्री तळमळलो. मी कॅज्युअल रजेवर गेलो तरी खातं बंद पडेल, या समजुतीवर मी उभा जन्म काढला, लग्नाच्या वाढदिवसालाही रजा घेतली नाही, आणि इथे अख्खं मंत्रिमंडळ पाच महिने नाही आणि कोणाच्या लक्षातही येत नाही!

पुस्तकावर विश्वास बसेना म्हणून प्रत्यक्ष साक्षीदार गाठायचं ठरवलं. इथेच मी माती खाल्ली. आमच्या शेजारी गुस्ताफ आणि सोलांज हे बेल्जियमचं म्हातारं जोडपं राहतं. गुस्ताफ डच बोलणाऱ्या अँटवर्पचा, इथल्या कारखान्यात फोरमन होता. सोलांज फ्रेंच बोलणाऱ्या घरातली. लग्नाला अडतीस वर्षं झाली. दोघं एकमेकांशी इंग्रजीत बोलतात. मला ते अमेरिकन वळण वाटलं होतं. तो तह होता हे मला नंतर कळलं.

मी आणि दीपा रविवारी दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. कॉफी आली, दालचिनीची बिस्किटं आली, आणि मी फाइल उघडून पहिलाच प्रश्न त्या नगराध्यक्षाचा काढला. गुस्ताफ हळूच म्हणाला, ज्या मुलखात अधिकार चालवायचा तिथली भाषा यायला नको का? मी टाळी दिल्यासारखं म्हणालो, "अगदी बरोबर. नियम म्हणजे नियम." सोलांजने कप खाली ठेवला. तिचा सख्खा भाऊ त्याच गावात राहतो, पुरुषोत्तमराव! तिने नवऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघून सांगितलं की तिच्या भावाचा जन्म त्या गावातला, आजा-पणजांची थडगी त्या गावातली, आणि तो कोणत्या भाषेत बोलतो ते ठरवणारा हा कोण? गुस्ताफ काहीतरी डचमध्ये बोलला. तिने फ्रेंचमध्ये उत्तर दिलं. मला एक अक्षर कळलं नाही, पण अर्थ सगळा कळला. दीपा म्हणाली, "आजोबा, वी शुड गो."

दुसऱ्या दिवसापासून सोलांज वरच्या शिवणाच्या खोलीत राहायला गेली. फ्रीजवर सामानाच्या दोन याद्या लागल्या, एक डच आणि एक फ्रेंच. घरातलं इंग्रजी बंद झालं. दुपारी गुस्ताफ आमच्याकडे येऊन मुकाट्याने थालीपीठ खायचा, आणि तो गेला की सोलांज येऊन सुमित्राजवळ रडायची. सुमित्राला फ्रेंच येत नाही, सोलांजला मराठी येत नाही, तरी दोघींचं तासभर चालायचं. सोलांज गेली की सुमित्रा माझ्याकडे वळायची. "चौतीस वर्षं लोकांचे कागद अडकवलेत ते पुरे नव्हतं का? इथे येऊन म्हाताऱ्यांचा संसार मोडलात!" सूनबाई सुनेत्रानेही माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायला सुरुवात केली. मी बर्फ तुडवत त्यांच्या घरी फेऱ्या घातल्या, दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं. गुस्ताफ म्हणे तिने आधी खाली यावं. सोलांज म्हणे त्याने आधी वर यावं. मधल्या जिन्यावर भेटा असं मी सुचवलं, तर दोघंही माझ्यावरच चिडले.

अशी दहा दिवसांची कोंडी झाली आणि दीपाच्या सादरीकरणाचा दिवस आला. पोरगी एकटीच शेजारी गेली आणि दोघांनाही वर्गातल्या खोट्या मंत्रिमंडळात मंत्री म्हणून यायला कबूल करून आली. अट एकच, दोघं वेगवेगळ्या गाड्यांतून येणार. दीपा स्वतः पंतप्रधान. गुस्ताफ आणि वर्गातली एक मुलगी डच मंत्री, सोलांज आणि एक मुलगा फ्रेंच मंत्री. आणि राजा मी! विक्रमचा सूट, त्यावर सुमित्राच्या जुन्या शेल्याचा पट्टा. मी भाषण लिहून नेलं होतं. दीपाने ते वर्गाच्या दारातच काढून घेतलं. "आजोबा, द किंग डझन्ट गिव्ह ओपिनियन्स इन पब्लिक." फळ्याशेजारच्या खुर्चीत मला बसवलं. पुरुषोत्तमराव, पस्तीस मिनिटं मी एक शब्द बोललो नाही. सुमित्राचा अजून विश्वास बसत नाही.

मिसेस कोवाल्स्की म्हणून त्यांच्या बाई आहेत. त्यांनी मंत्रिमंडळापुढे विषय ठेवला, एका लहान गावात एकच दवाखाना आणि एकच नर्स नेमायची आहे, तिला कोणती भाषा यायला हवी? गुस्ताफ म्हणाला डच. सोलांज म्हणाली फ्रेंच. वर्ग हसला. मुलं "व्होट! व्होट!" म्हणून ओरडायला लागली, पण दीपाने सांगितलं की इथे मतं घेत नाहीत, बसून राहायचं. सगळे बसून राहिले.

मग सोलांज मुलांकडे बघून सावकाश इंग्रजीत बोलायला लागली. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ती अँटवर्पच्या इस्पितळात होती. मूल पोटातच गेलं होतं. नर्स फक्त डच बोलायची. कुठे दुखतं ते सांगता येईना, मूल कुठे नेलं ते विचारता येईना. "मग हा माणूस," ती गुस्ताफकडे न बघता म्हणाली, "नर्सने बाहेर काढलं तरी दाराशी स्टूल टाकून बसला आणि माझा प्रत्येक शब्द आतबाहेर पोचवत राहिला. तीन दिवस."

"चार," गुस्ताफ म्हणाला.

दहा दिवसांत तो तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द. तिने त्याच्याकडे पाहिलं. "हो, चार," ती म्हणाली. मिसेस कोवाल्स्की खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी राजा असल्यामुळे मला नाक ओढायचीही चोरी.

निर्णय असा झाला की नर्स चांगली असेल ती नेमावी, भाषा तिने वर्षभरात शिकावी, आणि तोपर्यंत दाराशी स्टुलावर दोन्ही भाषा येणारा माणूस बसवावा. दीपाने तो कागदावर लिहून माझ्यापुढे ठेवला. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सह्यांची वाट पाहिली, आज माझी शेवटची सही! एवढा अस्पष्ट ठराव मी आयुष्यात पाहिला नव्हता. स्टूल कोणत्या तरतुदीतून, माणूस कोणत्या पदावर, वर्षभरात म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत? पण राजाने शेरा मारायचा नसतो. मी पल्लेदार सही ठोकली आणि वर्गाकडे विजयाने बघितलं. दीपाने कागद माझ्या हाताखालून ओढला, "नॉट व्हॅलिड येट" म्हणाली आणि गुस्ताफपुढे ठेवला. त्याने सही केली आणि पेन सोलांजला दिलं.

घरी जाताना दोघं एकाच गाडीतून गेले. दुसरी गाडी शाळेच्या आवारात तशीच विसरली, ती आणायला दुसऱ्या दिवशी विक्रमला गुस्ताफला घेऊन जावं लागलं. त्या गावावरून त्यांचं भांडण मिटलेलं नाही. उलट आता ते रोज मोठ्याने आणि तीन भाषांत भांडतात, भिंतीपलीकडून ऐकू येतं. सुमित्रा म्हणते हे लक्षण चांगलं आहे. शिवणाची खोली रिकामी झाली. बेल्जियमला मात्र अजून सरकार मिळालेलं नाही.

लताताईंना सांगा, सुमित्राने त्यांच्यासाठी गुडघ्याचा पट्टा घेऊन ठेवला आहे. घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांचे माझ्या वतीने कान ओढा.

आपला,
एकनाथ

ता. क. हे पत्र सुमित्राने वाचलं. तिची हरकत नोंदवून घेतो, दोघांना वर्गात बोलवायची कल्पना दीपाची नव्हती, सुमित्राची होती. माझं काम फक्त खुर्चीत गप्प बसायचं होतं आणि तेही तिनेच ठरवलं होतं, असं ती म्हणते.

ता. क. २. आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. माझ्या (म्हणजे आता तुमच्या) टेबलाच्या डाव्या हाताला लोखंडी कपाट आहे. खालच्या कप्प्यात, जुन्या परिपत्रकांच्या गठ्ठ्याखाली, शैलेंद्र दुबेचे कागद आहेत. जावक शाखेतला दुबे, घरी हिंदी बोलणारा. मराठीच्या तोंडी परीक्षेत मी त्याला चार वेळा नापास केलं आणि त्याची बढती तिथे थांबली. शेवटच्या वेळी मी विचारलं, सध्या काय करता? तो म्हणाला, "जावकमध्ये काम करून राहिलो, साहेब." मी लिहिलं, 'करत आहे' हवं, भाषा अशुद्ध. पुरुषोत्तमराव, तुम्ही नागपुरात जन्मलात, तुम्हीही तसंच बोलता, आणि मी तुमच्याकडे बारा वर्षं जेवून राहिलो. कागद वर काढा. फेरपरीक्षा लावा, परीक्षक तुम्ही व्हा. उशीर का झाला असं साहेबांनी विचारलं तर माझं नाव लिहा, खाली मी सही करून पाठवतो. यात तुमची सही लागेल, पण दोष माझा राहील.

ता. क. ३. हे पत्र कचेरीत टेबलावर उघडं टाकू नका. दुबे वाचेल. त्याला मराठी उत्तम वाचता येतं.