केशरकाकूंचे प्रश्न

अकोला,
२ फेब्रुवारी २०२५

चि. गीतांजली हिस आईचा आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक, तुझी खुशाली कळवावी. पत्र असंच सुरू करतात म्हणून लिहिलं. फोन तू उचलत नाहीस असं नाही. उचलतेस, "बरी आहो, जेवली, इन्सुलिन घेतलं" एवढं एका दमात सांगतेस आणि ठेवतेस. पोस्टमनशी माझं याहून जास्त बोलणं होतं.

लग्नसराई आहे, त्यामुळे दुकानात मान वर करायला फुरसत नाही. शेवंती महाग झाली, निशिगंध बरा आहे. तुझा भाऊराया मनोज आता नवरदेवाच्या गाड्याही सजवतो. मागच्या आठवड्यात गाडीवर वधूचं नाव चुकवलं, तर तिच्या काकांनी त्याला असा धुतला की पोरगा दोन दिवस शहाण्यासारखा वागला. बाबांचा गुडघा दुखतो, पण औषध विचारलं की दुखणं पळतं. अंगणात बोरं आली आहेत. यंदा कुणी खात नाही.

तुझा कार्यक्रम मी ऐकते. पॉडकास्ट म्हणतात म्हणे, मी आपली कार्यक्रमच म्हणते. दिवाळीत मनोजनं फोनमध्ये लावून दिला. हार ओवताना कानात घालून बसते. बाबा गिऱ्हाइकांना सांगतात, "बायको बहिरी झाली, माह्याशी बोला." पहिल्यांदा लावला तेव्हा तुझा आवाज आला, "रामराम मंडळी, मी गीतांजली. मले टाइप वन हाय, अन् मी आज दोन भाकरी खाल्ल्या." मी तिथंच रडले. गिऱ्हाईक समोर होतं, त्याला वाटलं भाव ऐकून आपल्याला रडू यायला हवं, हिला कसं आलं.

"सुई-भाकर" हे नाव छान ठेवलंस. अमरावतीत एका खोलीत पांघरूण डोक्यावर घेऊन बोलतेस म्हणे, आवाज घुमू नये म्हणून. तू स्वतःच सांगितलंस तसं. मला मात्र तेव्हापासून काळजी, की आतमध्ये गुदमरत तर नसशील.

आता एक गोष्ट सांगते, रागावू नकोस. अकोल्याच्या केशरकाकू तुला प्रश्न पाठवतात ना, ती मी. दुकानाचा नवा नंबर तुझ्याकडे नव्हता. मनोजला लिहायला बसवलं आणि त्याला शपथ घातली.

पहिला प्रश्न हुरड्याचा होता. तू हसून म्हणालीस, "केशरकाकू, हुरडा वजन करून कोनी खात नाही, पण मुठी मोजा." दुसरा विचारला, लाईट गेली तर इन्सुलिन माठात चालतं का. उत्तर मला का माहीत नव्हतं? पण तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. तू म्हणालीस, "चालते. मोठ्या माठात ओली वाळू, त्यात लहान मडकं, मडक्यात कोरडी डबी. माह्या आईनं धा वर्स तसंच ठेवलं, एक बाटली खराब होऊ देली नाही." माझ्या हातातला हार अर्धाच राहिला. दोन वर्षांत तुझ्या तोंडून माझ्याबद्दल ऐकलेलं ते पहिलं चांगलं वाक्य होतं, आणि ते तू केशरकाकूंना सांगत होतीस. त्या बाईचा मला हेवा वाटला बघ.

मग हावच सुटली. तिसरा प्रश्न विचारला की पोरगी परगावी एकटी राहते, झोपेत साखर उतरली तर तिला उठवतं कोण. मग म्हणालीस, "दंडावर सेन्सर हाय काकू, तो वाजते. पहिले आई उठवे. मानेवर हात ठेवून घाम पाहे. सेन्सर बरोबर सांगते, पण त्याले हात नाही." आणि पुढचा प्रश्न घेतलास. तेव्हापासून माझा उजवा हात मला जड झाला आहे. तो आता फक्त फुलं ओवतो.

मी असे शंभर प्रश्न विचारत राहिले असते. तू मला काकू म्हणत राहिली असतीस आणि मी तेवढ्यावर भागवलं असतं. पण मागच्या रविवारचा भाग ऐकला.

त्यात तू तुझ्या साखरपुड्याची, त्या साक्षगंधाची गोष्ट सांगितलीस. ज्याच्याशी सोयरीक ठरली त्या ललितचं नाव घेतलं नाहीस, त्याच्या वरूडचं नाव घेतलं नाहीस, ते बरं केलंस. जेवणाला उशीर झाला, साखर उतरली, सगळं खरं. आणि मग म्हणालीस, "चूक माहीच होती. मी पर्स जवळ ठेवाले विसरली. तुमी विसरू नका."

गीतू, तू पर्स विसरली नव्हतीस.

मी हे दोन वर्षं कुणाजवळ बोलले नाही, बाबांजवळही नाही. तुला माहीत आहे, तरी मी लिहिते, कारण माझ्या हातून लिहिलं गेलं पाहिजे. वरूडच्या लोकांना तुझं दुखणं सांगायचं नाही असं मी ठरवलं. तू म्हणत होतीस, सांगून टाक. मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, लग्नानंतर बघू. पंगतीच्या वेळी माणसं भरतील, सुई कुठं टोचणार, म्हणून साडेबारालाच तुला न्हाणीघरात पाठवून इन्सुलिन घ्यायला लावलं. "पंगत लगेच बसते," असं मीच म्हटलं. आणि तू बाहेर आल्याबरोबर तुझ्या हातातून पर्स घेतली, कारण तिच्यात इन्सुलिनचं पेन होतं, साखर तपासायचं यंत्र होतं, आणि कुणी उघडली तर? साखर उतरली तर खायच्या ग्लुकोजच्या गोळ्याही तिच्यातच होत्या. कपाटात ठेवली. किल्ली माझ्या कमरेला होती.

मग ललितचा मामा तिवशाहून यायचा राहिला. सव्वा तास गेला. मामाशिवाय अंगठ्या घालणार नाहीत म्हणून सगळे बसून राहिले. तू पाटावर होतीस. तुझ्या ओठांवर घाम मला दिसत होता. मी तुझी आई आहे, तो घाम मी अंधारात हातानं ओळखत होते, उजेडात कशी ओळखणार नाही. तू तीनदा म्हणालीस, "आई, पर्स दे." मी तिन्ही वेळा म्हटलं, "थांब जरा, पाहुणे पाहून राहिले."

तीनदा, गीतू. कपाट दहा पावलांवर होतं.

मग तू त्यांच्या ताटातले पेढे उचलून तोंडात कोंबलेस, एकामागून एक. आणि मी हसून काय म्हटलं, तर "सकाळपासून उपाशी आहे पोर, चतुर्थी धरली तिनं." ललितची आजी शांतपणे म्हणाली, "चतुर्थी तं काल झाली, बाई." बायकांना तिथी पाठ असतात, हे मी विसरले. खोटंसुद्धा मला धड बोलता आलं नाही. तेव्हा तूच उठून, भिंतीला धरून, सगळं सांगितलंस. ललितच्या आईनं जाताना मला बाजूला घेतलं. म्हणाली, "बिमारीचं काही नाही वो, आमच्या घरीबी हाय एक पोरगं तसं. पन तुमी लपवून काहून ठेवलं?"

हे तुला मी कधी सांगितलं नाही. तुला काय, साऱ्या गोतावळ्याला मी सांगितलं की त्यांनी दुखण्यापायी सोयरीक मोडली. तसं नव्हतं. ती माझ्यापायी मोडली.

आणि आता तू हजारो लोकांसमोर स्वतःला विसराळू म्हणतेस. नववीत असताना तुला वर्गात सुई टोचताना पाहून मास्तर हसले होते, तेव्हा त्यांच्याशी भांडलेली तू. माझ्यावर का आली अशी दया? मला ती सोसत नाही. तुझा राग सोसत होता. त्या रागात मी निदान तुझी आई होते.

तुझा कार्यक्रम ऐकणाऱ्या कितीतरी आया असतील. त्यांच्याही पोरींचं लग्न निघेल, त्याही पर्स सांभाळायला घेतील. पर्स विसरू नका, हे त्या पोरींना सांगून काय उपयोग? पर्स हिसकावू नका, हे त्यांच्या आयांना सांगायला हवं, आणि ते तू सांगून चालणार नाही, ज्या बाईनं केलं तिनंच सांगायला हवं. मला बोलाव. माझं नाव घे, साधना, अकोल्यात फुलांचं दुकान आहे, सगळं सांग. जे विचारशील त्याला उत्तर देईन. आपली पोर पेढ्यांसाठी हात पसरते तेव्हा आईच्या मनात काय होतं हेही विचार. मी सांगेन, की लाज वाटली होती. पोरीची नाही, लोकांची.

हे लिहीत होते तर बाबा मागे येऊन उभे राहिले. वाचलं की नाही कोण जाणे. म्हणाले, "लिहून काहून राहिली? सरळ जाय ना तिच्याकडं." त्यांचं बरोबर असतं, फक्त मला ते पचत नाही.

तेरा तारखेला, गुरुवारी, मी सकाळच्या गाडीनं अमरावतीला येते. नको येऊ म्हणायचं असेल तर तसं कळव, मी येणार नाही. कार्यक्रमात घेतलंस तर बोलेन. घ्यायचं नसेल तर ते रेकॉर्डिंगचं यंत्र चालू करू नकोस. मला नुसती समोर बसू दे, आणि एकदा, लोकांसाठी नाही, फक्त माझ्यासाठी, म्हण की आई, तू पर्स दिली नाहीस.

मी हो म्हणेन.

तुझी,
आई