बाबांच्या खानावळीत

लिऑं, रविवार

लाडक्या ओदिलताईस,

सुखरूप पोचलो. तुझा मफलर गळ्यात असतो, काळजी नको.

आपल्याला टाकून गेलेल्या बाबांची खानावळ सापडली. आत नुसता हसण्याखिदळण्याचा कल्ला. मसूर आणि सॉसेज त्यांनी स्वतः वाढलं, लाल वाइन ओतली. म्हणाले, "खा रे पोरा, किती वाळलायस!" ते सगळ्याच गिऱ्हाइकांना पोरा म्हणतात.

"गाव कुठलं तुझं?"

"सोग," मी म्हणालो.

त्यांचा हात थबकला. माझ्याकडे नीट बघितलं. "कधी ऐकलं नाही बुवा," म्हणाले आणि दुसऱ्या टेबलाकडे वळले.

जेवण इतकं चविष्ट होतं की पावाने बशी पुसून खाल्ली. स्वतःचीच चीड आली.

आईचा गुडघा कसा आहे? तिला सांग, पत्ता चुकीचा निघाला.

तुझा धाकटा,
बास्तिआं