पेन्सिलीने काढलेला दांडा

सँट्री, डब्लिन, रविवार, संध्याकाळ

सिद्ध करायचे ते एवढेच: कर कमी म्हणून आइल ऑफ मॅन बेटावर राहायला जाणे हा लोभ आहे. ज्या डब्लिनने माझ्या मुलीला, मंजिरीला, शिक्षण आणि नोकरी दिली, त्याचा भार तिने उचलायला नको?

जेवताना लेकीला हे मुद्देसूद सांगितले.

"बाबा, झालं भाषण? आता हे बघा."

बेटावरच्या घराचा नकाशा. तळमजल्यावर एक खोली. तिच्या न्हाणीघरात पेन्सिलीने काढलेला आधाराचा दांडा.

"ही खोली कोणाची?"

"तुमची. इथली लिफ्ट बंद पडली की तुम्ही आठवडाभर घरात कोंडलेले. तिथलं सरकार वेगळं, म्हणून तुमचा व्हिसाही वेगळा. महिनाभर त्याच्यासाठीच फोन करतेय."

आणि मी समजत होतो, दार लोटून ती करसल्लागाराशी बोलते आहे!

नात म्हणाली, "आजोबा, इट्स ग्रँड." इथल्या बोलीत, 'असू दे, सगळं ठीक आहे.'

युक्तिवादात अजूनही दोष सापडत नाही. तो दांडा त्यातल्या कोणत्या मुद्द्याचे खंडन करतो? कोणत्याच नाही. तरीही तो डोळ्यांपुढून हलत नाही... माझ्या उंचीला बरोबर काढला आहे.

चूक मान्य करतो: कारण न विचारताच मी मुलीला लोभी ठरवले.

— वसंत