वंदू दुपारी झोपत नाही

११ जानेवारी १९८२, सानगडी
वंदू आजही झोपली नाही. चौथं लागलं आणि पोरीनं दुपारच्या झोपेचं नावच टाकलं. आधी कसं, जेवली की माझं बोट नाकाशी धरून पडायची. डोळा लागला की मी बोट सोडवून पुढच्या सपरीत, ओसरीवर येऊन बिड्या वळायला बसायची. आता मी सूप मांडीवर घेतलं की ही सुपात. आज तंबाखू सांडला, तोही तिच्या डोळ्यात. रडारड. सासूबाईंनी वळता वळता मान वर न करता विचारलं, पोरगी हाये का भूत.

हा वास. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून हाताला चिकटलाय. आंधळगावला माहेरी बिडी ओढणाऱ्याला बाबा अंगणाबाहेर बसवायचे, आणि त्यांच्या मुलीचा भाताचा घास तंबाखूच्या वासाचा. राख, लिंबू, चिंच, सगळं चोळून झालं. शी.

एक मात्र ठरवलंय. वंदूच्या हाताला हा वास लागू द्यायचा नाही. बाकी काय व्हायचं ते होवो.

१३ जाने.
शेजारीण आली, सल्ला देऊन गेली. म्हणे अफूची कणी दुधात दे, सांजेपर्यंत डोळा उघडणार नाही, माझी चारही अशीच वाढली. हसत हसत सांगत होती. तिची चारही मला माहीत आहेत. चहा न विचारताच उठले.

१६ जाने.
चिंचोके दिले. भिंतीकडेनं रांग लाव म्हटलं, बोलायचं नाही. छान लावत होती. मी खूश. मग एकदम चिडीचूप झाली म्हणून पाहिलं तर एक चिंचोका नाकात. सासूबाईंनी चिमूटभर तंबाखू तिच्या नाकाखाली धरला. अशी शिंकली की चिंचोका थेट बिड्यांच्या सुपात, शेंबडासकट.
“पाह्य, तंबाखू कामी पडला का नाई,” सासूबाई.
शेंबूड पदराने पुसून बिड्या तशाच कट्ट्यात बांधल्या त्यांनी. कोणीतरी ओढेल. ओढो.

२० जाने.
तांदूळ आणि लाखोळीची डाळ मिसळून दिली, वेगळी कर म्हणून. कोंबड्यांनी वेगळी केली.

२९ जाने.
जमलं! गडवाभर पाणी, काडीला बांधलेली चिंधी, आणि सपरीची मातीची भिंत. पाण्यानं रंगव म्हटलं. ओली भिंत काळी दिसते, वाळली की पुन्हा पांढरी, की ही पुन्हा सुरू. वर सांगितलं, भिंत झोपली आहे, बोललीस तर जागी होईल. पोरगी ओठ मिटून बसली. दुपारभर. मला तर हसूच येत होतं. तिला काही तरी करता येतं, एकटीला, आणि त्याचा कोणाला काडीचा उपयोग नाही. हेच मला फार आवडलं.

४ फेब्रु.
भिंतीचे पोपडे पडले. वंदू ते खाताना सापडली. तोंडात चिखल, दातांवर चिखल, वर हसतेय. उलटी काढली. सासूबाईंचं म्हणणं, मी घर पाडायला निघालेय. दिवाळीला भिंत सारवायला त्याच बसणार, हेही ऐकवलं. भिंत बंद.

८ फेब्रु.
तेंदूची पानं कापली की कातरण उरते. ती दिली. तिनं पानांची माणसं केली, माय, आजी, बाबा. बाबाला दूर ठेवला, कारण तो शहापूरला राइस मिलमध्ये असतो आणि रविवारीच येतो. नुसतं पान आहे, पान म्हणजे तंबाखू नव्हे, असं मी मलाच समजावलं.

१३ फेब्रु.
तलावावरून धुणं घेऊन आले. घर शांत. सपरीत सासूबाई वळत होत्या आणि समोर वंदू, मांडी घालून, वळलेल्या बिडीचं उघडं तोंड मुडपून दाबत होती. आपल्या इवल्याशा नखाने. जीभ बाहेर काढून, मन लावून.
धुणं तिथंच टाकलं. तिला उचलून अंगणात नेलं, राखेनं हात घासले. लाल होईपर्यंत. ती ओरडत होती.
“आत्याबाई, तिले हात नोका लावू देऊ,” एवढंच सासूबाईंना म्हणाले.
“मीनं कुठं बलावलं? तेच आली. लेकराची बोटं बारीक, तोंड मस्त दाबते. खेळूनच राहिली ना? आमी का मेलो का असं शिकून?”
मेल्या नाहीत. दिवसभर खोकतात.

१४ फेब्रु.
त्या बिड्या गेल्याच कारखान्यात. माल तपासणारा चेकर म्हणाला म्हणे, हात साफ आहे, कोणाचा. सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं. येताना नातीला शेव आणली. अख्खी गल्ली कौतुक करून गेली. एकीलाही किळस आली नाही. मलाच येते, म्हणजे मीच वेडी.

१८ फेब्रु.
भिंत पुन्हा उघडली, सासूबाईंशी भांडून. वंदूने चिंधी फेकली.
“भित नाई पायजे. मले तोंड दाबाचे हायेत.”
दुपारभर भोकाड. माझा हात बिघडला, निम्म्या बिड्या छाट म्हणून परत आल्या.

२३ फेब्रु.
सासूबाई तापाने फणफणल्या आहेत, आत पडून. चेकरचा निरोप होता, आज माल आला नाही तर पानं दुसऱ्या घरी देऊ. मी एकटी, वळू किती, दाबू किती.
वंदू येऊन समोर बसली. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. सूप जरा तिच्याकडे सरकवलं. मीच.
इतकी शांत दुपार या घरात झाली नाही. ती दाबत होती, मी बांधत होते. माल वेळेत गेला. चेकरने एकही बिडी छाट काढली नाही. स्वतःची किळस कशानं धुवायची?

सांजेला तिला हात धुवायला नेलं. तिनं हात मागे ओढला, नाकाशी नेला, डोळे मिटून हुंगला.
“माय, माया हाताले तुयासारखा वास येते.”
किती आनंद तिला. मी राख हातात घेऊन तशीच उभी. हात धुतले नाहीत. झोपताना तिनं आज माझं बोट मागितलं नाही. स्वतःचंच नाकाशी धरून झोपली.

२४ फेब्रु.
सासूबाईंचा ताप उतरलेला नाही. पानं भिजत घातली. भिंतीशी गडवा भरून ठेवलाय, चिंधी नवी बांधली. सूपही तिथंच आहे. वंदू अंगणात कोंबड्यांमागे पळतेय. दुपार व्हायची आहे.