सात दिवस साडेअडतीस

तीर्थरूप बाबा, तुमच्या लेकीचा नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. घोडीनं आतापर्यंत एकदाच लाथ मारली, तीही मांडीवर, काळजी नको.

आमच्या पशुवैद्यकीय कॉलेजच्या गोठ्यातल्या म्हाताऱ्या गाईचा ताप रोज मोजून तक्त्यावर लिहायचं काम आम्हा पहिल्या वर्षाच्या मुलींकडे आहे. परवा तक्ता पाहिला तर सातही दिवस साडेअडतीस अंश, धडधाकट गाईचा असतो तेवढाच. मला शंका आली. थर्मामीटर लावला, एक्केचाळीस निघाला! माझ्या खोलीतली मैत्रीण म्हणाली, "अगं, रोज तेवढाच असतो, म्हणून बसल्या जागी लिहिलं." मी सगळ्यांसमोर कडाडले, "खोटा आकडा म्हणजे मुक्या जिवाच्या तोंडावर दाबलेला हात आहे!" गोठेवाले काका म्हणाले, "भाषण नंतर, बाई. आधी बादली धर." गाय आता चारा खाते आहे.

बाबा, काल तुमची तिन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचली. तिन्हींत तेच वाक्य आहे: 'आईचं बरं आहे, तू अभ्यास कर.' एका शब्दाचाही फरक नाही. आणि आईच्या हातची एक ओळही नाही.

आज तिच्याजवळ बसा, तिला नीट विचारा आणि खरं काय ते लिहा. परीक्षा पुन्हा देता येते.

तुमची संशयी लेक