समोरची खोली मोनालीची

मी, पंजाबराव नामदेव मुनेश्वर, वय वर्षे अडुसष्ट, धंदा विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करणे, राहणार नेर, जिल्हा यवतमाळ, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, फूस लावलेली नाही, आणि मी दारूला आयुष्यात शिवलो नाही, तेव्हा तोही संशय नको. वकीलसाहेबांनी छापील मसुदा दिला होता. नाव, गाव, मिळकत लिहायला त्यात रेघा होत्या, पण मला जे सांगायचे ते त्या रेघांत मावेना, म्हणून मसुदा बाजूला ठेवून कोरे कागद घेतले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. करण्यासारखे आपल्याकडे काही आहे असे वाटलेही नव्हते.

१. माझी पत्नी सत्यशीला चार वर्षांपूर्वी वारली. मुलगा एकच, धम्मरत्न, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. सून जया. त्यांची एकुलती मुलगी मोनाली, वय चोवीस, सध्या जर्मनीत एका वृद्धाश्रमात नर्स आहे. याखेरीज मला वारस नाही. कोणी पुढे आलाच तर तो खोटा समजावा.

२. पोस्टातली आणि बँकेतली रक्कम धम्मरत्न व जया यांनी निम्मी निम्मी घ्यावी. जयाचा वाटा जयाच्या हातात द्यावा, धम्मरत्नच्या मार्फत नको.

३. दुकानाची जागा भाड्याची आहे, ती देता येत नाही. दुकानातली वाइंडिंगची मशीन, वाइंडिंग तपासायचा मेगर, पाने, हातोड्या आणि उरलेली तांब्याची तार श्री. उत्तमसिंग राठोड यांना द्यावी. तीस वर्षे ते माझ्यासोबत काम करत आहेत आणि तीस वर्षांत त्यांनी मला एकदाही 'मस्कत' म्हटले नाही. नेरमध्ये असे दोनच लोक झाले, दुसरी सत्यशीला. दुकानावर 'सत्यशीला इलेक्ट्रिकल्स' असा बोर्ड आहे, पण तो कोणी वाचत नाही. शेतकरी जळालेली मोटार घेऊन एसटी स्टँडवर उतरतो, मस्कतचे दुकान कुठे म्हणून विचारतो, आणि स्टँडवरचा कोणीही त्याला माझ्याकडे पाठवतो.

४. हे नाव कसे पडले ते लिहून ठेवतो, कारण मोनालीला ते इतरांच्याच तोंडून कळले आहे.

१९८४ साली मी मोटार वाइंडर म्हणून मस्कतला गेलो. परदेशी कामाला जाणारा आमच्या वस्तीतला मी पहिला. विहारात वंदना झाली, बँड लावला, विहारापासून स्टँडपर्यंत मिरवणूक निघाली. धम्मरत्न सहा वर्षांचा, माझ्या खांद्यावर बसलेला. सत्यशीलेने मला न विचारता सगळ्या शेजारणींना खजूर आणि अत्तराच्या बाटल्या कबूल करून टाकल्या. माझे वडील कधी कोणाला पोचवायला जात नसत, ते बसच्या मागे हात हलवत पार पेट्रोल पंपापर्यंत आले.

महिना भरायच्या आत मी परत आलो.

तिथे मला कोणी मारले नाही. पगार ठरला तोच, जेवण बरे, खोलीत पंखा. एजंटानेही फसवले नाही. करमले नाही, एवढेच. झोप लागेना, घास उतरेना, काम करता करता डोळ्यांतून पाणी येई आणि हातातल्या तारेवर पडे. मुकादम केरळचा होता, भला माणूस. त्याने दोनदा समजावले, तिसऱ्यांदा माझ्याकडे नुसते पाहिले आणि परतीच्या तिकिटाचे बघतो म्हणाला. फसवणूक झाली असती तर मला तोंड दाखवायला जागा होती. सत्तावीस वर्षांचा बाप्या, बायको-लेकराचा, घरची आठवण येते म्हणून रडत परत येतो, हे सांगायचे कसे? मला ते अजून नीट सांगता येत नाही. आत्ता लिहितानाही कान गरम झाले आहेत.

५. बसमधून उतरलो तेव्हा भर दुपार होती आणि स्टँड भरलेले होते. समोर श्री. वामनराव गुल्हाने यांचे चहाचे हॉटेल. वामनराव हातात गाळणी धरून, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "काहून आला बे?"

मी खरे तेच सांगितले, की करमले नाही. आधी वामनराव हसले, मग बाकावरचे हसले, मग कंडक्टरही हसला. वामनरावांनी मला चहा पाजला आणि मस्कतच्या पाहुण्याकडून पैसे घेत नसतात म्हणाले. त्या दिवसापासून मी मस्कत झालो.

घरी वडील कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सत्यशीला शेजारणींना काय सांगून आली ते तिने मरेपर्यंत मला कळू दिले नाही, पण नंतर कधी घरात खजूर येऊ दिला नाही. धम्मरत्न शाळेत मस्कतचा पोरगा झाला. एकदा त्यावरून कोणाचे तरी डोके फोडून आला, तेव्हा मी त्याला बदडले. तो माझ्याच नावासाठी भांडला होता, हे माहीत असून बदडले.

वामनरावांवर माझा राग होता आणि थोडा आहे. तरी एकेचाळीस वर्षे मी त्यांच्याकडेच चहा पितो, कारण स्टँडवर दुसऱ्या कोणाला चहा जमत नाही. ते या मृत्युपत्राचे एक साक्षीदार आहेत. साक्षीदाराला मिळकतीतले काही देऊ नये असे वकीलसाहेबांनी बजावले आहे. त्यांना साक्षीदार करण्याचे तेही एक कारण आहे.

६. इथपर्यंतची लाज जुनी झाली, तिची सवय आहे. आता जे लिहितो त्याची नाही.

मोनाली यवतमाळला नर्सिंग शिकली. तिला तिथेच सरकारी दवाखान्यात लागायचे होते. जर्मनीचे खूळ मी काढले. तिकडे नर्स पाहिजेत, भाषा शिकवून घेऊन जातात, असे कोणीतरी दुकानात बोलले आणि मी तिच्या मागेच लागलो. जा बाई, आपल्या घराचे नाव निघू दे, असे म्हणायचो. तिचे भले व्हावे हेही मनात होते, पण खोटे कशाला लिहू, ते नंतरचे होते. मला त्या हॉटेलातल्या बाकाला उत्तर द्यायचे होते. मला जे झेपले नाही ते मी पोरीकडून करून घ्यायला निघालो. नागपूरला वर्षभर ती भाषा शिकली, आणि मधून मधून विचारायची, आबाजी, नाही जमलं तर? मी म्हणायचो, आपल्याला सगळे जमते.

ती गेली तेव्हा मी फ्लेक्स लावला. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला लागतो तेवढा मोठा. मोनालीचा फोटो, मागे विमान, हार्दिक अभिनंदन, आणि कोपऱ्यात मी, कोट घातलेला. कोट फोटोवाल्याने कॉम्प्युटरवर घातला. जागा मी स्वतः निवडली. वामनरावांच्या भट्टीच्या बरोबर समोर, म्हणजे दूध उतू जाते का पाहून मान वर केली की आधी आम्हीच दिसणार.

७. मोनाली रविवारी मला दुकानात व्हिडिओ कॉल करते. सुरुवातीला तिने लाल पानांची झाडे दाखवली, ट्राम दाखवली, बर्फ दाखवला. मग दाखवणे कमी झाले. मग ती म्हणू लागली, "आबाजी, फोन तसाच राहू द्या. तुमी तुमचं काम करा." मी फोन मोटारीच्या बॉडीला टेकवतो आणि तार गुंडाळत बसतो. उत्तमसिंग ठोकत असतात, बाहेर बसचा हॉर्न वाजतो, कोणी गिऱ्हाईक येऊन भावावरून भांडते. ती बोलत नाही. खोलीतही जाकीट घालून पलंगाच्या एकाच टोकाला बसलेली असते आणि ऐकत राहते. करमते का विचारले तर माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत हो म्हणते.

मागच्या महिन्यात तिने विचारले, "आबाजी, तुमी वापस आल्ते तवा लोक किती वर्स हासले?"

मी गंमत केली. म्हणालो, "अजून हासून राह्यले."

उत्तमसिंगही हसले. ती 'हं' म्हणाली आणि जरा वेळाने बाहेर जायचे आहे म्हणून फोन ठेवला. मी पुन्हा मोटारीत हात घातला आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की मी काय करून बसलो. पोरगी दार उघडे आहे का पाहायला आली होती आणि मी आतून कडी घातली. मला माझीच इतकी लाज वाटली की उत्तमसिंगांकडे पाहवेना. मोटार तशीच राहिली, गिऱ्हाइकाला उद्या ये म्हटले.

८. मी धम्मरत्नला सांगितले की तिला परत बोलाव. त्याने शांतपणे ऐकून घेतले. शाळेत त्याचा सत्कार झाला आहे, शाल मिळाली आहे, वर्तमानपत्रात नाव आले आहे. तो म्हणाला, "तिले सवय होईन, बाबा. ते तुमच्यासारखी नाही."

तो वाईट नाही. ज्याला लहानपणी मस्कतचा पोरगा म्हणून चिडवले, त्याला जर्मनीतल्या मुलीचा बाप म्हणवून घ्यावेसे वाटणारच, आणि हे मीच त्याला शिकवले. मी मान खाली घालून उठलो. जया दारात उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी समोरची खोली झाडून ठेवलेली दिसली.

९. त्याअर्थी, नेर येथील माझे राहते घर मी धम्मरत्नला देतो, परंतु त्यातली रस्त्याकडची समोरची खोली, तिच्या वेगळ्या दारासह, मोनाली धम्मरत्न मुनेश्वर हिला पूर्ण मालकी हक्काने देतो. तिला घरात यायला कोणाच्या स्वयंपाकघरातून जावे लागू नये म्हणून ती खोली. तिथे भाडेकरू ठेवू नये. कुलर, जुन्या गाद्या आणि शाळेचे गठ्ठे ठेवायलाही ती नाही. पंखा मी नव्याने वाइंडिंग करून लावला आहे, आवाज करत नाही. मोनाली केव्हाही आली, एका दिवसासाठी आली किंवा कायमची आली, काही कमावून आली किंवा रिकाम्या हाताने आली, तरी खोली तिचीच.

तिला माझ्या कोणत्याही वारसाने, नातेवाइकाने वा शेजाऱ्याने 'काहून आली' असे विचारू नये. जेवली का, एवढे विचारावे. वारसांपैकी जो विचारील त्याचा कलम दोनमधला वाटा बाद. ही अट कोर्टात टिकणार नाही असे वकीलसाहेब म्हणतात. नाही टिकली तर नाही. धम्मरत्नने एकदा मोठ्याने वाचली तरी मला पुरे.

१०. माझे अंत्यसंस्कार आणि पुण्यानुमोदन साधेपणाने करावे. पत्रिकेत नावापुढे कंसात 'मस्कत' लिहू नये अशी माझी फार वर्षांची इच्छा होती. आता लिहिले तरी चालेल. नाहीतर कोण मेले ते नेरच्या लोकांना कळायचे नाही.

११. गेल्या आठवड्यात मी शिडी घेऊन तो फ्लेक्स काढायला गेलो. वामनराव गिऱ्हाईक सोडून आले आणि त्यांनी खालून शिडी धरली. मग सवयीने म्हणाले, "काहून काढून राह्यला?" मी शिडीवर उभा राहूनच, त्यांच्याकडे न पाहता, सगळे सांगितले. खाली उतरलो तेव्हा ते हसत नव्हते. मला बाकावर बसवले आणि चहा दिला.

मग म्हणाले, "तू बिमार पड. म्हातारा बिमार हाये म्हून नात आली, त कोण हासते? उलटं नाव काढतीन तिचं." वर म्हणाले, "अन् मृत्युपत्र कर. वकिलाकडे जाताना दिसला नाही त लोकायले पटत नाही."

तर खरे असे आहे की मला काहीही झालेले नाही. डॉ. कपिल भगत यांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मसुद्यात 'प्रकृती उत्तम असताना' असे शब्द अगदी वरती होते. ते मी गाळले, कारण वकीलसाहेबांचा कारकून पहिले पान वाचतो आणि त्याच्या पोटात काही राहत नाही. हे पाकीट मी गेल्यावरच उघडावे. सोमवारपासून मी अंथरुणावर आहे आणि दुकान उत्तमसिंग पाहतात. धम्मरत्नला यातले काही माहीत नाही. तो शाळेतून आला की माझे पाय चेपतो, काल चेपता चेपता त्याचे डोळे भरून आले. धम्मा, तू हे वाचशील तेव्हा मी नसेन. मी झोपलो नव्हतो. मला शरम वाटत होती म्हणून डोळे मिटून पडलो होतो.

आज दुपारी मी मोनालीला फोन केला. खोलीत कोणी नव्हते. छातीत दुखते म्हणालो.

तिने विचारले, "डाव्या बाजूले का उजव्या?"

हे वामनरावांनी शिकवले नव्हते. मी म्हणालो, "दोन्हीकडे."

"घाम येते का?"

"पंखा सुरू हाये न."

नर्स आहे ती, तिला कळायचे ते कळले. मलाही कळले की तिला कळले, आणि आता ती फोन ठेवेल असे वाटले. तिने नाक ओढल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणाली, "मंग त मले यावंच लागीन, आबाजी."

मी म्हणालो, "ये."

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, राजीखुशीने केले आहे.

ठिकाण : नेर, जि. यवतमाळ
दिनांक : २० नोव्हेंबर २०२५

(सही) पंजाबराव नामदेव मुनेश्वर

पंजाबरावांनी वरील सही आम्हा दोघांसमोर, अंथरुणावर बसून केली. आम्ही त्यांच्यासमोर आमच्या सह्या करत आहोत. बाहेर कोणी विचारल्यास प्रकृती नाजूक आहे असे सांगू.

साक्षीदार :
१. (सही) वामनराव गुल्हाने, हॉटेल व्यवसाय, नेर
२. (सही) डॉ. कपिल भगत, नेर