काट्याआधी आलेला मापाडी

लातूर, मंगळवार संध्याकाळ

आज परत तेच. बाजार समितीचा सर्व्हर चालू होता होताच कोसळला आणि फोल्डर रिकामं. मरताना कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, काय झालं, त्याची नोंद त्या फोल्डरमध्ये सापडायला पाहिजे. पण नोंद ठेवणाऱ्या सर्व्हिसचा, म्हणजे त्या छोट्या प्रोग्रॅमचा, नंबर यायच्या आधीच मशीन मरत होतं, म्हणून काल मीच तिला रांगेत सगळ्यात पुढं आणून बसवलं. फार शहाणा मी. आज ती इतकी लवकर उठली, की नोंद जिथं ठेवायची ती डिस्कच जोडलेली नव्हती. डिस्क दिसेना, म्हणून ती गप पडून राहिली.

सचिवांना सांगितलं, "साहेब, मापाडी आला, पण काटाच आला नव्हता."

ते म्हणाले, "ते मला नका सांगू. सोयाबीनचा सौदा अडून राहिला. उद्या असंच झालं तर पुण्याहून दुसरा माणूस बोलावतो."

आता क्रम बदललाय. आधी डिस्क, लगेच ही नोंदवाली सर्व्हिस, मग बाकीच्या. मशीन चालू केलं तर सुरळीत चालू झालं. पुन्हा पुन्हा बंद-चालू करून बघितलं, मरायलाच तयार नाही. मेलं तरच नोंद पडणार, म्हणून फोल्डर रिकामंच. रोग आत तसाच आहे, पण दाखवू काय?

लोह्याहून आईचा फोन आला. "चालू झालं का रे मशीन?"

"हाव."

"मग आवाज असा कामून?"

काय सांगू तिला? तुझा लेक मशीनपुढं हात जोडून बसलाय, आज एकदा मर म्हणून.